अडलं कुठे, ते वहीत लिहा

मी ३१ वर्षं अग्निशमन दलात होतो. शेवटची ९ वर्षं साहित्याची जबाबदारी माझ्याकडे होती. होज (पाण्याच्या लवचीक नळ्या), ब्रांच (त्यांच्या टोकाच्या तोट्या), शिड्या, पंप, श्वसनयंत्रं (धुरात पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन जायची) सांभाळणं आणि त्यांच्या खरेदीचे प्रस्ताव लिहिणं हे माझं काम. या महिन्यात मला आलेली बहुतेक पत्रं पैशांबद्दल आहेत. काय मागावं, किती मागावं, आणि मागणी खरी आहे हे समोरच्याला कसं पटवावं. काही पत्रं थोडी आखडून देतो आहे, प्रत्येकाखाली माझं उत्तर. नावं आणि गावं गाळली आहेत.

साहेब, मी एका मध्यम आकाराच्या केंद्राचा प्रमुख आहे. यंदा दलाला एकदाच मिळणारा मोठा निधी मंजूर झाला आहे. दहा-बारा मजली इमारती वाढल्यामुळे लोकप्रतिनिधींना उंच शिडीची गाडी हवी आहे. माझे जवान म्हणतात, जुनी श्वसनयंत्रं बदला, नवीन १० घ्या. दोन्ही या पैशांत बसत नाही. मी कोणाच्या बाजूने उभं राहू?

श्वसनयंत्रांच्या. पण सभेत हे असं एका शब्दात मांडू नका. शिडी मागणारेही काही चुकीचं बोलत नाहीयेत.

आधी तुमच्या स्वतःच्या मागणीतली उणीव सांगतो. तुम्ही ‘नवीन १० श्वसनयंत्रं’ लिहिलंत, सिलिंडर किती ते लिहिलं नाहीत. ६.८ लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाला भरलं की त्यात साधारण २,००० लिटर हवा असते. मध्यम कष्टाचं काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरून माहितीपत्रकात ४५ ते ५० मिनिटं छापलेली असतात. धुरात भरलेला होज ओढत जिना चढणारा माणूस त्याच्या दुप्पट हवा सहज घेतो. त्यात धोक्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, आणि ती वाजायच्या आत माणूस बाहेर आलेला असायला हवा. म्हणजे हातात खरी २० मिनिटं. आता तळघरातली दोन तास चाललेली आग डोळ्यांसमोर आणा. आत कायम दोघं ठेवायचे म्हटले तर सहा जोड्या, १२ सिलिंडर. बाहेर तयारीत उभ्या असलेल्या जोडीची हवा वेगळी. दहा यंत्रं आणि त्यांच्यासोबत आलेली दहा सिलिंडरं अशा आगीला पुरत नाहीत.

हे मला हिशेबाने कळलं नाही, प्रसंगाने कळलं. आमच्या केंद्रात ८ नवीन यंत्रं आली तेव्हा सगळ्यांना फार आनंद झाला. हवा भरायचा कॉम्प्रेसर मात्र प्रस्तावातून वगळला होता. रिकामी सिलिंडरं गाडीत घालून दुसऱ्या केंद्रात न्यायची, जायला-यायला दीड तास. एका रात्री गोदामाला आग लागली आणि आठपैकी तीन सिलिंडरं भरायला गेलेली होती. आत जाणाऱ्या दुसऱ्या जोडीला मला सांगावं लागलं, ‘तुमच्या मागे येणाऱ्या जोडीकडे हवा नाही, लवकर निघा.’ दोघंही सुखरूप बाहेर आले. पण ते वाक्य बोलताना माझा जो जीव खाली-वर झाला, तो मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून माझा सल्ला असा. १० च्या जागी ६ यंत्रं घ्या. उरलेल्या पैशांत प्रत्येक यंत्रामागे निदान एक जादा सिलिंडर घ्या, कॉम्प्रेसर घ्या, त्यातल्या हवेची नियमित तपासणी धरा, आणि प्रत्येक जवानाच्या चेहऱ्याला मास्क नीट बसतो का ते तपासायची सोय करा. कार्बन फायबरच्या सिलिंडरचं आयुष्य साधारणपणे १५ वर्षं असतं आणि बऱ्याच ठिकाणी दर ५ वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते. तो खर्च आजच लिहून ठेवा. एकदाच मिळणाऱ्या निधीतून घेतलेल्या वस्तूला दरवर्षी पैसे लागणार असतील, तर ते कुठल्या तरतुदीतून येणार, हे खरेदीच्या दिवशी ठरलेलं असलं पाहिजे.

आता शिडी. गेल्या पाच वर्षांच्या वर्द्यांची, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्यांची, नोंदवही घेऊन बसा आणि तीन आकडे काढा. किती वेळा उंच शिडी लागली, किती वेळा ती असती तर काम बदललं असतं, आणि शेजारच्या दलाची शिडी यायला किती वेळ लागतो. सोबत रस्ते मोजा. टेकू पसरून उभं राहायला त्या गाडीला पाच-सहा मीटर रुंद आणि घट्ट जमीन लागते. ज्या इमारतींसाठी ती घ्यायची म्हणताय, त्यांच्या आवारात तेवढी जागा आहे का ते स्वतः टेप घेऊन जाऊन पाहा. केंद्राच्या दाराची उंची, वाटेतल्या पुलांची भारक्षमता आणि चालवणारी माणसं तिन्ही पाळ्यांत मिळतील का, हेही पाहा.

मात्र ‘पाच वर्षांत दोनदाच लागली, म्हणजे गरज नाही’ असं कृपा करून लिहू नका. क्वचित लागणारी वस्तूच कधी कधी सगळ्यात महत्त्वाची ठरते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. पहिल्या वर्दीत निघालेल्या गाड्यांत उंच शिडी नव्हती, आणि लंडनच्या दलापाशी होती त्याहून उंच गाडी शेजारच्या सरे परगण्यातून मागवावी लागली. शिडी लवकर आली असती तर काय झालं असतं, यावर मी काही बोलणार नाही. मी त्यातून एवढंच घेतो की उंच गाडी शेजाऱ्याकडून येणार असेल तर ती पहिल्याच वर्दीला निघाली पाहिजे. ‘गरज पडली तर मागवू’ हा करार होत नाही. तो लेखी करा, नियंत्रण कक्षाच्या यादीत घाला आणि वर्षातून दोनदा सराव करून घड्याळ लावा.

त्याच आगीनंतर आणखी एक वस्तू पुढे आली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. धुरातून बाहेर काढताना रहिवाशाच्या डोक्यावर चढवायचं गाळणीचं टोपडं. लंडनच्या दलाने ते २०१८ मध्ये वापरात आणलं आणि चौकशी समितीच्या ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या अहवालात ते सगळ्या दलांकडे असावं अशी शिफारस आली. उंच शिडीच्या खर्चाच्या अगदी छोट्या तुकड्यात तुमच्या प्रत्येक गाडीवर ही टोपडी येतील. लोकप्रतिनिधींना उंच इमारतींची काळजी वाटते ती रास्त आहे. त्यांना दाखवायला तुमच्या हातात हे असू द्या.

मी लेखा विभागात आहे. आमच्याकडे अग्निशमन विभागाचा प्रत्येक प्रस्ताव ‘जीवितहानी टाळण्यासाठी अत्यावश्यक’ या शब्दांनी सुरू होतो. काटछाट केली तर उद्या माझ्यावर बोट येईल. आणि मंजूर केलेली यंत्रं खोक्यातून न काढलेली मी स्वतः पाहिली आहेत. मला आगीतलं काही कळत नाही. खरी गरज कशी ओळखू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशी काळजी करणारा माणूस लेखा विभागात असणं दलाच्या भाग्याचं आहे, हे आधी सांगतो. आमचे लोक तुमच्याकडे अडवणारे म्हणून बघतात. मीही बघत होतो, आणि ते चुकीचं होतं.

आगीतलं कळायची गरज नाही. एक वही मागा. माझ्या साहित्यखोलीच्या दाराला दोरीने बांधलेली शंभर पानी वही होती, वर लिहिलेलं होतं ‘अडलं’. वर्दीवरून परत आल्यावर ज्याचं काम ज्या वस्तूमुळे अडलं, त्याने तिथे चार गोष्टी लिहायच्या. तारीख, वस्तू, काय झालं, तिच्याशिवाय काम कसं भागवलं. हुद्द्याची अट नाही, नवा जवानही लिहू शकतो. पहिल्या वर्षी माझ्या मनात होतं की वही भरेल ती मोठ्या यंत्रांनी. भरली ती कपलिंगच्या, म्हणजे होज जोडायच्या तोंडांच्या, वॉशरनी. रबरी वॉशर सुकून तडकलेले, काही ठिकाणी नाहीतच, जोडातून पाणी उडतंय आणि पुढे ब्रांचवर दाब नाही. त्यानंतर सगळ्यात जास्त नोंदी होत्या हातमोज्यांच्या.

हातमोजे मी घेतले होते. तांत्रिक अटीत ‘उष्णतारोधक, चामडी’ एवढंच लिहिलं, सगळ्यात कमी दराची निविदा आली, ती मंजूर झाली. कागदावर सगळं नियमाला धरून होतं. पण ते मोजे एकदा भिजून वाळले की लाकडासारखे कडक होत. गाठ मारायला, व्हॉल्व्ह फिरवायला पोरं मोजे काढून ठेवू लागली. एका जवानाचा उजवा तळहात तापलेल्या कडीला चिकटून भाजला. ती खरेदी माझी होती. पुढच्या वेळी मी अट लिहिली: मोजे पाच वेळा भिजवून, वाळवून, मग घालून तीन मिनिटांच्या आत कपलिंग जोडता आलं पाहिजे, गाठ सोडता आली पाहिजे. चाचणी आमच्या अंगणात, आमच्याच तीन जवानांच्या हातांनी, तीन मापांत. कमीत कमी दर हवाच, पण या अटीत उतरलेल्यांपैकी कमीत कमी. तुम्हाला प्रस्ताव आला की तांत्रिक अटींचं पान काढा. त्यात काम लिहिलंय की नुसतं वर्णन लिहिलंय, एवढं पाहिलंत तरी अर्धा घोळ तुमच्या टेबलावरच थांबेल.

दुसरं मागा ते पूर्ण आयुष्याचा खर्च. खरेदीची किंमत हा त्यातला एक तुकडा. प्रशिक्षण, दरवर्षीची तपासणी, बॅटऱ्या, सुटे भाग, आणि शेवटी विल्हेवाट. या शेवटच्या गोष्टीचं एक उदाहरण देतो, कारण आज पुष्कळ दलं यात अडकली आहेत. तेलाच्या आगीवर वापरायचा फ्लोरिनयुक्त फोम आम्ही वर्षानुवर्षं पिंपंच्या पिंपं साठवला. त्यातली रसायनं मातीत आणि पाण्यात मोडतच नाहीत. पीएफओएस हे त्यांतलं एक रसायन २००९ मध्ये आणि पीएफओए हे दुसरं २०१९ मध्ये, न मोडणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. आता ती पिंपं सांडपाण्यात ओतता येत नाहीत, ती खास पद्धतीने नष्ट करावी लागतात आणि त्याला पैसे पडतात. फोमच्या गाडीची टाकी आणि नळ्या धुवायच्या, ते धुतलेलं पाणीही जपायचं. आज कोणी जुना साठा स्वस्तात देऊ केला तर तो नाकारा. स्वस्त दिसतो तो विकत घेण्याच्या दिवशीच.

तिसरं, जुन्या वस्तूचं काय होणार ते विचारा. नवीन पंप आला की जुना सुट्या भागांसाठी ठेवणार, सरावाला देणार की निर्लेखित करणार? याचं उत्तर तयार नसेल तर नवीन वस्तू आल्यावर दोन्ही पडून राहतील. तुम्ही पाहिलेल्या खोक्यांमागे बहुतेक वेळा हेच असतं, किंवा यंत्र आलं आणि शिकवायला कोणी आलंच नाही. शेवटचा हप्ता प्रशिक्षण पूर्ण झाल्यावरच द्यायचा, अशी अट करारात घाला. हा अधिकार तुमचा आहे. तो वापरलात तर केंद्रातले लोक तुमचे आभार मानतील.

आणि एका ठिकाणी मात्र हात आखडू नका. जवानाच्या अंगावर, तोंडावर, हातापायांवर जे चढतं, त्याची संख्या कमी करून बचत होत नाही. त्यात काटछाट करायचीच असेल तर आधी केंद्रात या, एकदा तो सूट अंगावर घाला आणि मग ठरवा.

भाऊ, माझे पती २० वर्षं अग्निशमन दलात आहेत. त्यांचा फायर सूट १२ वर्षांचा आहे. ते म्हणतात, कुठे फाटलेला नाही, उगाच खर्च कशाला. आग विझवून आले की तो काळा झालेला सूट घरी आणतात आणि मी आमच्याच मशीनमध्ये धुते. मुलं लहान आहेत. हे बरोबर आहे का?

ताई, नाही. आजपासून तो सूट घरात येऊ देऊ नका, आणि हे माझं नाव सांगून त्यांना वाचायला द्या.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामाला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे त्या कामाने माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. काजळी ही नुसती घाण नसते. ती श्वासातून जाते तशी कातडीतूनही आत जाते, विशेषतः मानेच्या नाजूक कातडीतून. आमच्या पिढीत काळा सूट म्हणजे कष्टाची खूण मानली जायची. मीही तसा सूट अभिमानाने घातला आहे. आता तसं मानत नाही.

आता १२ वर्षांचं. सूटचे तीन थर असतात. बाहेरचं कापड, मधला पाणी अडवणारा पडदा, आतलं उष्णतेचं अस्तर. ‘फाटलेला नाही’ हे आपण बाहेरच्या थराबद्दल म्हणतो. मधला पडदा झिजला तर डोळ्यांना दिसत नाही, आणि उन्हाने बाहेरच्या कापडाचा जोर कमी झालेला असतो तोही दिसत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचं मानक सांगतं की तयार झाल्याच्या तारखेपासून १० वर्षांनी सूट वापरातून काढायचा, कसाही दिसत असला तरी. ती तारीख आतल्या लेबलवर असते. बघून घ्या.

त्यांनी केंद्रात मागायचं ते असं: आग विझली की तिथेच ब्रश आणि पाण्याने सूट धुऊन काढायचा, बंद पिशवीत घालून मागच्या कप्प्यात ठेवायचा, आणि केंद्रातल्या वेगळ्या मशीनमध्ये धुवायचा. पाणी ४० अंशांच्या आतलं. ब्लीच अजिबात नाही, कापड मऊ करणारं द्रव्यही नाही. वाळवायचा सावलीत. आणि एक सूट धुवायला गेला की घालायला दुसरा हवा. दुसरा सूट ही चैन नाही. तो नसेल तर माणूस ओला किंवा मळका सूटच घालून जातो. सगळ्यांना एकदम दोन सूट देणं दलाला परवडत नसेल तर दरवर्षी संख्येच्या एक दशांश बदलायचे, म्हणजे दहा वर्षांच्या चक्रात सगळे येतात आणि एका वर्षावर भार पडत नाही. मानेवरची धुराचे कण अडवणारी टोपी मात्र सगळ्यांना लगेच मिळू शकते, ती त्या मानाने खूप स्वस्त असते.

तुमच्या पतींना उगाच खर्च नको वाटतो, हा त्यांचा चांगुलपणा आहे. पण ही बचत त्यांच्या अंगावर निघते.

आमचं स्वयंसेवकांचं छोटं दल आहे. एका मोठ्या दलाने त्यांचा २२ वर्षांचा बंब आम्हाला फुकट देऊ केलाय. सगळे खूश आहेत. घ्यावा का?

चाचणी केल्याशिवाय हो म्हणू नका. ज्यांनी देऊ केलाय त्यांचे आभार माना आणि दोन दिवस गाडी मागून घ्या.

वरच्या उत्तरात आलेल्या अमेरिकेतल्या अग्निसंरक्षण संघटनेचीच शिफारस आहे की नीट देखभाल झालेली गाडीही १५ वर्षांनंतर राखीव म्हणून ठेवावी आणि २५ वर्षांपुढची बदलून टाकावी. म्हणजे तुमच्या हातात तीन वर्षं येत आहेत. मुख्य गाडी म्हणून नको, पाणी वाहायला आणि सरावाला चालेल.

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सात वर्षांपेक्षा जुना टायर बदलायचा, नक्षी कितीही खोल दिसली तरी. बंब धावतो कमी आणि उभा राहतो जास्त, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. मग कोरड्या पंपात निर्वात ओढा, पाऱ्याच्या साधारण ५६० मिलिमीटरपर्यंत, आणि यंत्र बंद करून ५ मिनिटं काटा बघा. २५० मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर कुठेतरी हवा शिरते आहे आणि विहिरीतून किंवा तळ्यातून तो पंप पाणी उचलेल याची खात्री नाही. मग पाण्यावर चालवा. पंपाच्या पाटीवर जी क्षमता कोरलेली असते ती साधारण १० बारला पूर्ण मिळाली पाहिजे, १४ बारला ७० टक्के, १७ बारला निम्मी. अमेरिकी पद्धतीच्या पंपांची वार्षिक चाचणी अशीच असते. तुमच्या पंपाची पाटी वेगळी असेल तर पाटीवरचे आकडे धरा. शेवटी सुट्या भागांचं विचारा. तो पंप बनवणारे अजून भाग देतात का? नसतील तर नको म्हणा. फुकटच्या गाडीपायी तुमची वर्षभराची देणगी गॅरेजमध्ये जाईल.

आणि कपलिंग पाहा. शेजारच्या दलाच्या होजला ते बसतं का? १९०४ मध्ये बाल्टिमोरला मोठी आग लागली तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले, पण अनेकांचे आटे तिथल्या हायड्रंटला, म्हणजे बंबांसाठी रस्त्यावर ठेवलेल्या नळांना, जुळेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. तिथूनच सारखे आटे ठेवण्याचं मानक पुढे आलं. तरीही १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरच्या वणव्यात मदतीला आलेल्या दलांना हीच अडचण आली, कारण तिथल्या हायड्रंटची तोंडं नेहमीच्या मापाची नव्हती. त्या वणव्यात २५ माणसं गेली. तुमच्या नव्या-जुन्या प्रत्येक वस्तूबाबत हा प्रश्न पहिला विचारा. जोडणारा तुकडा लागणार असेल तर तो कुठल्या कप्प्यात असेल, हे अंधारातही हाताला कळलं पाहिजे.

सर, मी दोन वर्षांपूर्वी भरती झालो. आमच्या केंद्रात उष्णता दाखवणारा एक कॅमेरा आहे, तो अधिकाऱ्यांच्या कपाटात कुलपात असतो. आम्ही ड्रोनची मागणी करायची म्हणतोय. कशी लिहू?

ड्रोनची मागणी सध्या बाजूला ठेवा, कॅमेरा कपाटातून बाहेर काढायची मागणी लिहा. धुराने भरलेल्या खोलीत पलंगाखाली लपलेलं मूल शोधायला त्याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही, आणि तुमच्याकडे ती आहे. पहिल्या गाडीवर चार्जिंगची जागा करा, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बॅटरी बघायची नोंद ठेवा, आणि महिन्यातून एकदा खोली अंधारी करून त्याच्यावर सराव करा. सहा महिने त्याच्या वापराची नोंद ठेवा. त्या नोंदी घेऊन दुसऱ्या कॅमेऱ्याची मागणी केलीत तर ती कोणी परत पाठवणार नाही. ड्रोनचं पुढे बघू. तुमच्या भागात वणवे किंवा पूर असतील तर तो खरंच लागतो, आणि मग हीच पद्धत वापरा.

कुलूप लावणाऱ्या अधिकाऱ्यांवर रागावू नका. महागडी वस्तू हरवली तर जबाब त्यांना द्यावा लागतो. पाळीनुसार सहीची पद्धत सुचवा, कुलूप आपोआप निघेल.

आर्थिक वर्ष संपायला तीन आठवडे आहेत आणि माझ्या केंद्राच्या नावावर थोडी रक्कम शिल्लक आहे. खर्च केली नाही तर परत जाईल. मोठं काही येणार नाही. काय घेऊ?

वर्षाच्या शेवटी घाईत घेतलेली वस्तू कपाटात जाते असं मी नेहमी सांगतो, पण तुमच्या बाबतीत ही चांगली संधी आहे, कारण रक्कम छोटी आहे. ‘अडलं’ वही असेल तर ती उघडा. नसेल तर उद्या सकाळी दोन्ही पाळ्यांना एकत्र बसवून विचारा, गेल्या वर्षभरात कोणाचं काय अडलं. माझा अंदाज आहे की यादीत हे येईल: सगळ्या मापांचे कपलिंग वॉशर, हातमोजे लहान आणि मोठ्या मापात (दलं मधलंच माप घेतात आणि निम्म्या हातांना ते बसत नाही), हालचाल थांबल्यावर वाजणाऱ्या धोक्याच्या घंटांच्या बॅटऱ्या, मास्कच्या काचा, टॉर्च, आणि गळके होज बदलायला दोन-चार नवे. ती घंटा माणूस साधारण ३० सेकंद हलला नाही की वाजते, आणि तिची बॅटरी मेलेली असेल तर पडलेला माणूस कोणाला ऐकू येत नाही. म्हणून बॅटऱ्या आधी.

होज मागवण्यापूर्वी असलेले सगळे अंगणात पसरून दाबाखाली तपासा. प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख लिहा. नापास झालेला त्याच दिवशी कापून टाका, नाहीतर तो कुणाच्या तरी हातून गुंडाळला जाऊन परत गाडीवर चढतो. आमच्याकडे तसं दोनदा झालं आहे.